गोफाचा धागा

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक छोटासा अनर्थ घडला. माझ्या नातीच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. नातीने चार संध्याकाळी खपून तिच्यासाठी मनगटात बांधायचा गोफ विणला; तांबडा, पांढरा आणि निळा. स्टेशनवर पाऊस होता. गाडी सुटायच्या आत तांबडा रंग पांढऱ्यात उतरला आणि मैत्रिणीच्या नव्या फ्रॉकच्या बाहीलाही लागला. घरी येऊन नात उशीत तोंड खुपसून रडली. "आजी, तिला वाटेल, मी मुद्दाम स्वस्तातला धागा घेतला!"

धागा स्वस्तातलाच होता, आणि पैसे मोजून दिले होते मी. माझ्या आईने ही चूक केली नसती. भरतकामाची लडी घेताना ती रुमालाचे ओले टोक धाग्यावर दाबून पाही. दुकानदार कपाळाला आठ्या घाली. आई ढिम्म हलत नसे. मग धागा हळूच ताणायचा, उजेडात धरायचा, पीळ सारखा आहे ना, चकाकी आहे ना, हे न्याहाळायचे आणि मगच पैसे द्यायचे.

रंग, बळ आणि चकाकी! या तीन परीक्षांमागे केवढा इतिहास आहे, तो नातीची समजूत घालताना मला सांगावा लागला.

सूत मुळात निस्तेज. इंग्लंडात लँकेशायरमध्ये जॉन मर्सर नावाचा, रसायनशास्त्र आपले आपणच शिकलेला एक गृहस्थ कापडछपाईच्या धंद्यात होता. १८४४ मध्ये त्याने कडक कास्टिक सोडा सुती कापडातून गाळला. कापड आखडले, जाड झाले. पण पाहतो तो काय, ते अधिक बळकट झालेले आणि रंगही अधिक पिणारे! १८५० मध्ये त्याने पेटंट घेतले. परंतु आखडलेले कापड म्हणजे गजात तूट. कारखानदारांनी पाठ फिरवली. १८६६ मध्ये मर्सर वारला. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने सोडा तोच वापरला, पण सूत आखडू न देता ताणून धरले. सुताला रेशमाची झाक आली! लडीवर 'मर्सराइज्ड' असे छापतात, ते त्या बिचाऱ्या मर्सरच्या नावावरून.

असा चकाकता दोरा घरोघर पोचवणाऱ्यांत आल्सेसमधल्या म्युलूझ गावची डी.एम.सी., म्हणजे डॉल्फस-मिग, ही पेढी अग्रेसर. आणि गंमत पाहा, १७४६ मध्ये तिथे हा धंदा सुरू झाला तो हिंदुस्थानी छिटांची नक्कल छापण्यासाठी! धुतले तरी रंग न जाणाऱ्या आपल्या छिटांचे फ्रान्सला इतके वेड लागले होते, की तिथल्या सरकारने १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यांच्यावर बंदी घातली. म्युलूझ तेव्हा फ्रान्सबाहेरचे स्वतंत्र गाव, म्हणून तिथे छपाई चालली. पक्क्या रंगासाठी ज्या देशाचा हेवा केला गेला, त्याच देशात माझ्या नातीचा तांबडा रंग पहिल्या पावसात वाहून गेला होता!

अमेरिकेतल्या मुलींत मैत्रीच्या गोफांची हौस १९८० च्या दशकात पसरली, तीही याच भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यावर. त्याची आठ मीटरची लडी मिळते. भरताला एकदोन पदर सुटे करून घेतात. गोफाला मात्र सहाही पदर एकत्र ठेवावेत, म्हणजे गाठी ठसठशीत बसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा बाजारात गेलो. या खेपेस रुमाल नातीच्या हाती होता. तांबड्या लडीवर दाबलेले टोक पांढरेच राहिले.

"आजी," परतताना तिने विचारले, "त्या लोने सूत ताणून धरले नसते तर?"

"आखडले असते. चकाकीही आली नसती."

ती थोडी थांबली. "नागपूर किती लांब आहे गं?"

नवा गोफ टपालाने गेला. पंधरा दिवसांनी उत्तर आले : नवा उजव्या हातात बांधला आहे, डाव्या हातातला जुना सोडलेला नाही.