सजेशन, सल्ला, मसलत आणि सूचना

'काही सजेशन असेल तर सांगा' हे वाक्य आज कोणत्याही बैठकीत ऐकू येते. शब्द इंग्रजी असला तरी तो आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. वर्गात मात्र मुले त्याचा अर्थ विचारतात तेव्हा एक प्रतिशब्द देऊन भागत नाही. मराठी शाळेत 'सूचना' म्हणून वेळ मारून नेता येते. उर्दू शाळेत मशवरा, राय, तजवीज, इशारा असे चार शब्द पुढे येतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर असतात.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'खालून वर आणणे' असा आहे. मनाच्या तळाशी असलेली गोष्ट वर आणून समोर ठेवायची, ही त्यातली कल्पना. जुन्या इंग्रजीत मात्र हा शब्द चांगल्या अर्थाचा नव्हता. सैतान माणसाच्या मनात जी फूस घालतो, तिलाही सजेशनच म्हणत. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजाच्या खुनाचा विचार मनात येतो, तिथे हाच शब्द आहे. आपल्याकडे त्याला 'वसवसा' म्हणतात. १९व्या शतकात संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी तो उचलला. रुग्णाच्या नकळत त्याच्या मनात कल्पना रुजवणे, असा त्यांचा अर्थ होता. म्हणजे एकाच शब्दात सल्लाही आहे, फूसही आहे आणि नकळत टाकलेला प्रभावही आहे.

आता आपल्या शब्दांकडे येऊ. सल्ला आणि मसलत हे दोन्ही शब्द अरबीतले असून फारसीच्या वाटेने मराठीत आले. दोघांचे मूळ एकच आहे. 'सलाह' म्हणजे चांगुलपणा, योग्य असणे. त्याच मुळापासून 'सुलह' म्हणजे तह, 'इस्लाह' म्हणजे सुधारणा आणि 'मस्लहत' म्हणजे हित हे शब्द तयार झाले. नवा शायर आपली गझल उस्तादाला दाखवतो ती इस्लाहसाठीच. जुन्या मराठी कागदपत्रांत 'सल्ला करणे' म्हणजे तह करणे असाही अर्थ मिळतो. मसलत तर आणखी पुढे गेली. पेशवाईतल्या पत्रांत ती नुसती चर्चा राहत नाही, बेत होते आणि कधी स्वारीही होते.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द द्यावेत हा त्याचा हेतू होता. तरीही सल्ला आणि मसलत टिकले, कारण तोवर ते दरबाराचे न राहता घराघराचे झाले होते. पुढे माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला आणि मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिले. दोन्ही बाजूंनी हे नाते ओळखणारी माणसे होती.

'तजवीज'चा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 'जायज'शी नाते सांगणारा हा शब्द अरबीत परवानगी देण्यासाठी आहे. उर्दूत तो प्रस्ताव झाला, कचेरीच्या उर्दूत न्यायाधीशाचा निकाल झाला. मराठीत 'पाहुण्यांच्या जेवणाची तजवीज केली' म्हणताना तो व्यवस्था होतो.

उरली 'सूचना'. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. म्हणून तिकडचा 'सूचना का अधिकार' आपल्याकडे 'माहितीचा अधिकार' होतो. मराठीत प्रश्नपत्रिकेवर 'सूचना' छापलेल्या असतात, तो हुकूम असतो. उर्दू माध्यमाच्या पेपरवर त्याच जागी 'हिदायात' असते. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की 'हरकती व सूचना' मागवतात, तिथे मात्र ती नागरिकाने द्यायची असते.

खरी अडचण इथेच आहे. वरून येते तीही सूचना आणि खालून जाते तीही सूचना. वरून आलेली कुणी टाळत नाही, खालून गेलेली बऱ्याचदा पेटीतच राहते. शाळेत, कचेरीत, मशिदीच्या कमिटीत आणि घरातही हेच दिसते. मोठ्यांनी सुचवले तर तो आदेश ठरतो आणि सुनेने किंवा धाकट्याने सुचवले तर ते उलट बोलणे ठरते.

मसलतीत असे होत नाही, कारण ती एकट्याने करता येत नाही. 'मशवरा' आणि 'शूरा' यांचे मूळही एकच, आणि कुरआनच्या ४२व्या सूरहचे नावच 'अश-शूरा' आहे. त्याच मुळाच्या क्रियापदाचा अरबीत एक जुना अर्थ पोळ्यातून मध काढणे असा आहे. मध काढायचा तर पोळ्यापर्यंत हात न्यावा लागतो. ज्याचे मत हवे, त्याच्यापर्यंत आपणच जायला हवे. आराखड्यावर हरकती मागवणाऱ्यांनी वस्तीत यावे, कमिटीने बायकांना आणि तरुणांना बोलावून विचारावे आणि त्यांनी सांगितलेल्याचे पुढे काय झाले, हेही त्यांना कळवावे. तेवढे झाले, तर सजेशन म्हणा की सूचना, शब्दाने फारसे बिघडणार नाही.