रावबहादूर बोले आणि त्यांचा ठराव

मुंबईत दादर-प्रभादेवी भागातील एका वर्दळीच्या रस्त्यास रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव दिलेले आहे. महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास सांगताना ‘बोले ठराव’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. पण ठराव मांडणारे बोले कौन्सिलात पोहोचले ते गिरणगावातील कामगारांच्या चळवळीतून, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेली गिरणी कामगारांची संघटना 1897 मध्ये त्यांच्या निधनानंतर विस्कळीत झाली. 1909 मध्ये ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बोले होते. संप घडविण्यापेक्षा अर्ज, मध्यस्थी, शिक्षण आणि मद्यपानबंदीचा प्रचार यांवर सभेचा भर असे. पुढील काळातील लढाऊ युनियनच्या अभिमान्यांनी तिला कामगार संघटना म्हणावयास नकार दिला. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि वर्षानुवर्षे अर्जांचे मसुदे करणाऱ्या माणसाला सरकारी भाषेतील पळवाटा ओळखता येतात, हा त्या शिक्षणाचा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नव्हे.

गिरणीतही शिवाशीव होतीच. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अधिक मजुरीच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. स्वतः बोले भंडारी समाजातले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार, 1907 मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यावर जी अभिनंदनसभा भरली तिचे अध्यक्ष बोलेच होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास भेट दिले. याच केळूसकरांनी पुढे सयाजीराव महाराजांकडे आंबेडकरांची शिफारस केली, हे वडोदेकर वाचकांना ठाऊक असेलच.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालविलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, अशी ती शिफारस होती. ‘सार्वजनिक पैसा’ ही कसोटी ठरावात येताच धर्मशास्त्राच्या वादाला तेथे फारशी जागा उरली नाही. ज्याच्या कराचा पैसा, त्याचा पाण्यावर हक्क, इतका तो सरळ हिशेब होता.

परंतु शिफारस ती शिफारसच. 11 सप्टेंबर 1923 च्या सरकारी पत्रकाने सरकारच्या मालकीच्या जागांपुरती अंमलबजावणीची आज्ञा केली. नगरपालिका व लोकल बोर्डांना मात्र कलेक्टरांनी या ठरावाचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच म्हटले. आज्ञा आणि सल्ला यांतील या अंतरातच अनेक गावांचे पाणवठे बंद राहिले. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले केले, तेही कागदावरच. तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही.

बोल्यांनी विषय सोडला नाही. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी पुन्हा ठराव आणला: जी स्थानिक संस्था पहिला ठराव पाळणार नाही, तिचे सरकारी अनुदान रोखावे. उपदेशाने न हलणारी संस्था तिजोरीच्या भीतीने हलेल, ही त्यांची अटकळ होती. ती फार वेगाने खरी ठरली असे म्हणता येत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेसाठी जमलेले लोक चालत तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. परतताना त्यांच्यापैकी अनेकांना मारहाण सोसावी लागली. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी, म्हणजे मूळ ठरावाच्या बरोबर चौथ्या वर्षदिनी, महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला.

तळे खाजगी आहे असा दावा करून विरोधक डिसेंबर 1927 मध्ये न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांतून फिरत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले आणि 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. बोल्यांचा पहिला ठराव कौन्सिलात मंजूर झाल्याला तेव्हा साडेतेरा वर्षे उलटून गेली होती.