बोट थांबते, नळ थांबत नाही

गेल्या शनिवारी एका मित्राच्या आजोळी गेलो होतो. शहापूर तालुक्यात, आसनगावपासून बाइकवर पाऊण तास. निघताना समोर माहुलीचे सुळके, वर मे महिन्याचं ऊन, आणि मागे बसलेल्या मित्राची अखंड कॉमेंट्री.

पोचल्यावर आजीने गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. अर्धा तांब्या. मी एका दमात संपवलं आणि सवयीने "अजून देता का?" म्हणून बसलो. मित्राने पायावर पाय दिला. अंगणात तीन निळी पिंपं उभी होती, त्यातली दोन रिकामी. टँकर सोमवारी येणार होता.

जेवण झाल्यावर आजीला मोबाइलवरचे फोटो दाखवत होतो. मागच्या वर्षी मी तीन महिने शांघायला ऑनसाइट होतो. वीकएंडला करण्यासारखं काही नसलं की ट्रेन पकडून सुझोउ आणि आसपासची कालव्यांची गावं बघत फिरायचो. त्यातला एक फोटो आजीने बोटाने थांबवला. टोंगली नावाचं गाव. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची घरं, मधून कालवा, आणि प्रत्येक घरातून सरळ पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.

"ह्या पायऱ्या पाण्यात कशाला सोडल्यात रे?"

"धुणं-भांडी करायला, आजी. बोट आली की माल उतरवायला."

"म्हणजे दारातच पाणी?"

"दारातच."

आजी जरा वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि पाणी कुणाचं ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध म्हणा हवं तर. इतिहास हा आपला विषय नाही, बारावीनंतर तो सुटला तो सुटलाच. चुकभूल द्यावी घ्यावी.

आधी टोंगलीबद्दल. सुझोउ परिसरातली ही गावं आज पर्यटकांनी फुललेली असतात, आणि बघताना वाटतं की कुणा कविमनाच्या माणसाने निवांत बसून आखली असावीत. तसं काही नाही. चीनच्या महाकालव्याला आजचं स्वरूप यायला अनेक शतकं लागली, पण त्याचे मोठे टप्पे सुई घराण्याच्या यांग सम्राटाने इ. स. ६०५ ते ६१० या काळात खोदून घेतले. लाखो लोकांना वेठबिगारीने जुंपलं होतं. हेतू अगदी रोखठोक होता: दक्षिणेचा तांदूळ उत्तरेच्या राजधानीला पोचवायचा. पुढे बीजिंग ते हांगझोउ असा सुमारे १८०० किलोमीटरचा हा जलमार्ग झाला. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. म्हणजे मुळात ही करवसुलीची पाइपलाइनच होती. खेड्याचं धान्य शहराला.

तरीही त्या पाइपलाइनवर आणि तिच्या फाट्यांवर गावं श्रीमंत झाली. का? कारण बोट थांबते. तिला रात्री मुक्काम लागतो, खलाशांना जेवण लागतं, दोर तुटतो, माल बदलतो, जकातनाक्यावर रांग लागते. जिथे थांबते तिथे पेठ उभी राहते. सुझोउचा एक नकाशा १२२९ साली दगडावर कोरला गेला आणि तो आजही आहे. त्यात रस्ते आणि कालवे शेजारी शेजारी आखलेले दिसतात. पुढचं दार रस्त्यावर, मागचं पाण्यावर. (आमच्या नेटवर्कच्या आकृत्या इतक्या स्वच्छ असत्या तर निम्मे कॉल वाचले असते!)

आणि बागा? त्या या पैशातूनच झाल्या. सुझोउची सर्वात प्रसिद्ध बाग सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वांग शियानचेन नावाच्या अधिकाऱ्याने नोकरी सोडून आल्यावर करायला घेतली. टोंगलीतली तुईसी बाग १८८५ ते १८८७ मध्ये झाली, तीही नोकरीवरून काढलेल्या रेन लानशेंग या अधिकाऱ्याची. नावाचा अर्थ साधारण 'मागे सरून चुकांचा विचार करण्याची जागा'. मधोमध तळं, आणि मंडप पाण्याला इतके लगटून बांधलेले की ते तरंगताहेत असं वाटतं. नोकरी गेल्यावर आपण लिंक्डइन अपडेट करतो, हे लोक तळं बांधायचे. असो.

आता ती वर्षं जरा लक्षात ठेवा. १८८५, १८८७. टोंगलीत तो बडतर्फ साहेब तळ्याकाठी मंडप उभारत होता, त्याच दशकात इकडे शहापूरच्या जंगलात तानसा नदीवर दगडी भिंत बांधायला घेतली होती. जवळजवळ दोन मैल लांब. तेव्हाच्या मोठ्यात मोठ्या दगडी धरणांपैकी एक.

त्याचीही गरज खरीच होती. विहिरी आणि तलावांवर जगणाऱ्या मुंबईला १८५० च्या दशकात पाणी पुरेना. विहारचा तलाव १८६० साली झाला, तुळशी १८७९ मध्ये, आणि दोन्ही लवकरच अपुरे पडले. मग नजर साष्टी बेटाबाहेर गेली. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तानसाचं उद्घाटन झालं. कुठे दगडी बांधीव नाला, कुठे बोगदा, कुठे बिडाचे नळ, अशी वाट करत पाणी मुंबईला आलं. आणि आलं ते निव्वळ उतारावरून, वाटेत कुठेही पंप नाही. पुढे १९४८ पर्यंत टप्प्याटप्प्याने तानसाची क्षमता वाढवत नेली. १९५७ साली वैतरणेवर मोडक सागर झाला, १९८० च्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला रोज साधारण ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी मिळतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात.

इंजिनिअर म्हणून सांगतो, हे काम बघून छाती भरून येते. मी मुलुंडला राहतो. ते अजस्र नळ माझ्या रोजच्या वाटेवर आहेत. लहानपणी त्यांच्या कडेकडेने क्रिकेट खेळलोय. पण ते कुठून येतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नळ म्हणजे नळ.

आजीच्या गावाहून तानसाची भिंत बाइकवर फार लांब नाही. संध्याकाळी गेलो. सभोवती साग आणि ऐनाचं जंगल, १९७० पासूनचं अभयारण्य. पाणी खाली गेलं होतं तरी समोर तळं पसरलेलं. खरं सांगू? सुझोउच्या कुठल्याही बागेपेक्षा ती संध्याकाळ मला सुंदर वाटली. फक्त बागेच्या मालकाचं घर इथून शंभरएक किलोमीटर लांब होतं, दक्षिण मुंबईत.

परतताना मित्राला विचारलं, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तुमच्याकडे, मग मे महिन्यात टँकर कसा? त्याने जे सांगितलं त्यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. पाऊस सगळा चार महिन्यांत. खाली काळा कातळ, पाणी धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर ओढे आटतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी. धरण दरीच्या तळाशी, पाडे वर टेकाडावर. ज्या उताराने पाणी मुंबईला फुकटात जातं, तोच उतार पाड्याकडे उलटा आहे. तिथे पंप हवा, वीज हवी, टाकी हवी, आणि ती चालवायला दरमहा पैसे हवेत. कुणी खलनायक नाही. फक्त उतार आहे, आणि तो कुणासाठी आखला हा प्रश्न आहे.

रविवारी दोघं मुरबाडला गेलो. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं, तिथून नाणेघाटाची चढण. मे महिन्यात नाणेघाट चढणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तुम्ही करू नका. पावसाळा संपता संपता जा.

नाणेघाट म्हणजे सातवाहनांचा हमरस्ता. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकातही कल्याणचं नाव आहे. घाटमाथ्यावर लेणं आहे, त्यात राणी नागणिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख. कोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणं दान दिली, असा सगळा हिशोब. अंक कोरलेला आपल्याकडच्या सर्वात जुन्या लेखांपैकी हा एक, म्हणजे आमच्या एक्सेल शीटचा खापरपणजोबाच. बाहेर दगडी रांजण, परंपरा सांगते की तो जकातीचा.

पण त्या दिवशी माझं लक्ष होतं पाण्याच्या टाक्यांवर. कातळात खोदलेल्या टाक्या. शिलालेखांच्या भाषेत 'पोढी'. यातल्या एका टाकीवर छोटासा लेख आहे. त्यात म्हटलंय की ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान.

एवढंच. पदवी नाही, यज्ञ नाही. सोपाऱ्याचा एक माणूस, त्याने घाटात वाटसरूंसाठी पाणी ठेवलं. घोटभर पाणी पिऊन (आमच्या बाटलीतलं!) मी तिथे बसलो आणि मला आजीच्या प्रश्नाची निदान एक बाजू कळली.

नाणेघाटही पाइपलाइनच होता. माल बंदरातून राजधानीकडे, पैसा रांजणात. पण गाढव आणि बैलही बोटीसारखेच थांबतात. त्यांना तहान लागते. म्हणून वाटेवर पोढ्या खोदाव्याच लागल्या, आणि ज्याला पुण्य हवं त्याने त्या खोदल्या. जो रस्ता थांबतो, त्याला वाटेवरच्या माणसाचा विचार करणं भाग पडतं. उपकार म्हणून नाही, गरज म्हणून.

तानसाचा नळ थांबत नाही. तो सीलबंद आहे, आत दाब आहे, आणि थांबू नये हेच त्याच्या डिझाइनचं यश आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्झिट ट्रॅफिक. गावावरून ऑप्टिकल फायबर जाते आणि गावात नेटवर्क नसतं, तसंच. नळाला तहान लागत नाही, मुक्काम लागत नाही, त्याच्या काठावर चहाची टपरीसुद्धा चालत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर टोंगली उभं राहिलं नाही. भातसाचं पाणी त्यातल्या त्यात नदीतून पिसेपर्यंत येतं, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध होतं. निदान नदीकाठाला ते दिसतं तरी. नळातलं तेवढंही नाही.

म्हणजे मुंबईने पाणी घेऊ नये का? असं म्हणणं सोपं आहे, आणि मी मुलुंडला बसून म्हणणं तर विनोदीच. दीड कोटीच्या आसपास लोक त्या पाण्यावर जगतात, मीही. पण जिथे वाहन स्वतःहून थांबत नाही, तिथे थांबा कागदावर आखावा लागतो. आधी वाटेवरची पोढी, मग पुढचा नळ. तो क्रम आपण १८९२ ला आखला नाही, १९५७ लाही नाही. आता शहापूरच्या गावांसाठी पाणी आणायची जी योजना मंजूर झाली आहे, तिचं पाणी येणार आहे भावली धरणातून. भावली आहे इगतपुरीत, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. तालुक्यात तानसा आणि भातसा असताना पाणी शेजारच्या जिल्ह्यातून! इंजिनिअर म्हणून मला कारण पटतं: भावली उंचावर आहे, पाणी उताराने येईल. माणूस म्हणून ते पचायला वेळ लागतो.

आणि पुढचं धरण कुठे, यावर मुरबाडमध्ये काळू नदीच्या काठी भांडण होऊन गेलंय. ते काम २०१२ साली उच्च न्यायालयात थांबलं होतं. तिथल्या लोकांना शेजारच्या तालुक्याची गोष्ट पाठ आहे, त्यांना विकासविरोधी म्हणण्याआधी ती आपणही एकदा ऐकावी.

रविवारी संध्याकाळी निघताना आजीने विचारलं, "तुम्हाला तिकडे पाणी कितीला पडतं रे बाळा?"

"माहीत नाही आजी, सोसायटीच्या बिलात येतं."

"एवढा शिकलास, आणि पाण्याचा भाव माहीत नाही?"

घरी आल्यावर बिल काढून बघितलं. पाण्याची ओळ खालून दुसरी होती. रक्कम पार्किंगपेक्षा कमी. आजीला फोन करून सांगायचं आहे. पाच दिवस झाले, अजून केलेला नाही.