पायऱ्यांवरचा प्रेक्षक

फुटबॉलचा इतिहास म्हटला की खेळाडू, गोल आणि करंडक डोळ्यांसमोर येतात. ज्याच्या चार आण्यांवर हा खेळ पोसला गेला त्या प्रेक्षकाचा इतिहास मात्र क्रीडाविषयक ग्रंथांत फारसा सापडत नाही. तो सापडतो चौकशी समित्यांच्या अहवालांत. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९० मध्ये न्यायमूर्ती टेलर यांनी आपला अंतिम अहवाल सादर केला, तेव्हा फुटबॉल मैदानांवरील गर्दी व सुरक्षितता या विषयावरील हा नववा शासकीय अहवाल असल्याची नोंद त्यांनी खेदाने केली आहे. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या माणसाला ही नोंद कोणत्याही सामन्याच्या वृत्तांतापेक्षा अधिक बोलकी वाटते. नववा अहवाल लागतो, याचा अर्थ आधीचे आठ कुठल्यातरी कपाटात नीट बांधून ठेवलेले असतात.

आज दोन देशांतील स्टेडियमांची तुलना करताना आपण आसने, छप्पर, स्वच्छतागृहे, वाहनतळ यांची मोजदाद करतो. लंडनचे नवे वेम्ब्ली २००७ साली खुले झाले, तेव्हा त्याच्या ९०,००० आसनांइतकाच त्यातील २,६१८ शौचकूपांचा गाजावाजा झाला. परंतु या मोजदादीच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो. मैदान बांधणाऱ्याने व चालविणाऱ्याने तिथे येणाऱ्या माणसाला काय समजले होते? पाहुणा, गिऱ्हाईक, की आवरायचा जमाव? सोयी त्या उत्तरातून येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील गिरण्या, गोद्या व कारखान्यांतील मजूर शनिवारी दुपारी सुटी मिळताच मैदानाकडे लोटू लागला. श्रीमंतांसाठी छपराखालच्या खुर्च्या होत्या. उरलेल्यांसाठी उतरत्या पायऱ्या, ज्यांवर उभ्यानेच सामना पाहायचा. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर या पायऱ्या लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकून केल्या होत्या. ५ एप्रिल १९०२ रोजी स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना त्या फळ्या खचल्या, माणसे खाली कोसळली आणि २५ जण मृत्यू पावले. सामना थोडा वेळ थांबवून पुन्हा खेळविण्यात आला. लाकूड पुरविणाऱ्या कंत्राटदारावर खटला चालला. तो निर्दोष सुटला.

या मैदानाचा अभियंता आर्चिबाल्ड लीच. कारखान्यांच्या इमारती हा त्याचा मूळ व्यवसाय. तरुणपणी सिलोनमधील चहाच्या कारखान्यांचे कामही त्याने केले होते. आयब्रॉक्सनंतर त्याची कारकीर्द संपायला हवी होती. प्रत्यक्षात ती तेथून सुरू झाली म्हटले तरी चालेल. मातीचे भक्कम भराव, त्यांवर पायऱ्या आणि गर्दीचा लोंढा अडविणारे आडवे लोखंडी कठडे अशी त्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढील तीन-चार दशकांत ब्रिटनमधील वीसहून अधिक मैदानांवर त्याचा हात फिरला. कारखाना बांधणाऱ्याने प्रेक्षागारे बांधली, ही गोष्ट मला सूचक वाटते. थोड्या जागेत, थोड्या खर्चात, जास्तीत जास्त माणसे मावली पाहिजेत, हा त्यातील हिशेब होता.

लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरील १९०६ साली उभारलेल्या अशाच एका प्रचंड भरावाला ‘स्पायन कॉप’ हे नाव पडले, पुढे नुसते ‘कॉप’. स्पायन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतील टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे इंग्रज सैनिकांचा संहार झाला आणि त्यांत लँकेशायरकडचे पुष्कळ होते. त्याच रणभूमीवरून जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. ॲनफील्डवर दर आठवड्याला गाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर करमणुकीला भुकेलेली माणसे मैदानांकडे धावली. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्नडन पार्कवर अंदाजे ८५,००० लोक जमले. एका बाजूच्या स्टँडचा भाग युद्धकाळापासून सरकारी साठ्यासाठी ताब्यात होता, म्हणून त्या बाजूची प्रवेशद्वारे बंद होती. सारी गर्दी दुसऱ्या टोकाला लोटली. आत गुदमरलेल्या मुलाला घेऊन बाहेर पडण्यासाठी एका बापाने दाराचे कुलूप काढले, आणि त्या दारातून बाहेरचे आत घुसले. दोन कठडे मोडून ३३ माणसे चेंगरून मेली. मृतदेह कडेला झाकून ठेवून सामना पुरा करण्यात आला. मोएल्विन ह्यूजेस यांच्या अहवालाने सांगितले की मैदानांना परवाना असावा, आत किती माणसे मावतात ते शास्त्रीय रीतीने ठरवावे आणि आत गेलेल्यांची मोजणी व्हावी. माणसे मोजा, एवढीच ती मागणी. कायदा मात्र झाला नाही.

तो होण्यासाठी आणखी ६६ मृत्यू लागले. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सवरच, सामना संपल्यावर १३ क्रमांकाच्या जिन्यावरून उतरताना लोक एकमेकांवर पडले. याच जिन्यावर १९६१ साली दोन माणसे दगावली होती. न्यायमूर्ती व्हीटली यांच्या १९७२ च्या अहवालानंतर १९७५ साली क्रीडांगण सुरक्षा कायदा आला व स्थानिक प्राधिकरणाचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. पण सुरुवातीला ते मोठ्या क्लबांपुरतेच. लहान क्लबांना खर्च झेपणार नाही, असे समर्थन होते.

आपल्याकडेही याच सुमारास, १६ ऑगस्ट १९८० रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात गॅलरीत मारामारी उसळली आणि पळापळीत १६ प्रेक्षक मरण पावले. कोलकात्यात हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ रक्तदानाने पाळला जातो. खास फुटबॉलसाठी बांधलेले सॉल्ट लेक स्टेडियम तेथे १९८४ साली सुरू झाले. लाखाहून अधिक माणसे मावतील असे ते स्टेडियम. १९९७ च्या फेडरेशन चषकातील याच दोन संघांच्या लढतीला १,३१,७८१ प्रेक्षकांची नोंद आहे. तेही बव्हंशी काँक्रीटच्या पायऱ्यांवर.

१९७५ च्या कायद्यातून सुटलेल्या लहान क्लबांपैकी एक ब्रॅडफर्ड. त्याचा लाकडी स्टँड १९०८ सालचा. फळ्यांच्या फटींतून पडलेला कचरा खाली वर्षानुवर्षे साचला होता. पुढे त्यात १९६८ सालचे वर्तमानपत्र सापडले. एखादे जळते सिगारेटचे थोटूक आग लावील, असे पत्र स्थानिक प्रशासनाच्या अभियंत्यांनी १९८४ मध्येच क्लबला धाडले होते. ११ मे १९८५ रोजी नेमके तसेच घडले. काही मिनिटांत स्टँड भस्मसात झाला व ५६ माणसे गेली. नवे छप्पर घालण्याचे लोखंड येऊन पडलेले होते. काम त्या हंगामानंतर सुरू व्हायचे होते. मागची दारे बंद असल्याने तिकडे धावलेले अडकले. पुढच्या बाजूला जाळीचे कुंपण नव्हते म्हणून शेकडो लोक मैदानात उड्या मारून वाचले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण दंगेखोरांच्या भीतीने सत्तरच्या दशकापासून बहुतेक मैदानांवर अशी कुंपणे उभी राहिली होती. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हेसल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांच्या हल्ल्यानंतर भिंत कोसळून ३९ जण, बहुतेक इटालियन, मृत्युमुखी पडले. फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे गुंड, हे समीकरण मग सरकारदरबारी पक्केच झाले.

या समीकरणाची किंमत शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी चुकती झाली. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफ.ए. चषकाचा उपांत्य सामना. लेपिंग्ज लेन बाजूच्या पायऱ्यांसाठी १०,१०० तिकिटे व आत जाण्यासाठी फिरते दरवाजे अवघे सात. पायऱ्यांची विभागणी कुंपणे घालून करण्यात आली होती. त्या कप्प्यांना इंग्रजीत जो शब्द आहे तो गुरांच्या कोंडवाड्यालाही लावतात. १९८१ साली याच ठिकाणी चेंगराचेंगरीत ३८ जण जखमी झाले होते. त्यानंतर कुंपणे बदलली, परंतु १९७९ चे सुरक्षा प्रमाणपत्र बदलले नाही. कागदावरची क्षमता तीच राहिली, जागा मात्र वेगळी झाली. तपासणी अधिकारी जागेवर न जाता जुन्या प्रमाणपत्रावर सही करतो तेव्हा काय होऊ शकते, याचे याहून भीषण उदाहरण मला ठाऊक नाही.

बाहेरची गर्दी जिवावर बेतू लागल्याने २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी एक मोठे दार उघडविले. सुमारे दोन हजार माणसे समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरली. बाजूचे कप्पे मोकळे होते, पण तिकडे वळवायला कोणी उभे नव्हते. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला. तोवर पुढची माणसे जाळीला चिकटून प्राण सोडीत होती. मृतांचा आकडा अखेर ९७ झाला. शेवटचे नाव २०२१ साली यादीत आले.

दार प्रेक्षकांनीच फोडले असे मैदानावरील प्रमुख पोलीस अधिकाऱ्याने त्याच दुपारी सांगितले. ते खोटे होते. टेलर यांच्या ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालाने मुख्य दोष पोलीस नियंत्रणावर ठेवला, तरी दारुड्या जमावाची कथा वर्षानुवर्षे टिकली. २०१२ साली स्वतंत्र समितीने पोलिसांच्या १६४ जबाबांत फेरफार झाल्याचे उघड केले. २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाले व प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यांत वाटा नव्हता. आपला मुलगा दारू पिऊन दार फोडायला गेला नव्हता, एवढे एक वाक्य कागदावर यायला आईबापांना सत्तावीस वर्षे झगडावे लागले.

टेलर यांचा अंतिम अहवाल मी एक उत्तम शासकीय दस्तऐवज मानतो. त्यात कठडे व कुंपणे आहेतच, पण गळकी छपरे, तुंबलेली प्रसाधनगृहे आणि वाईट खाद्यपदार्थही आहेत. माणसाला घाणीत उभे केले तर त्याचे वागणेही तसेच होते, असा त्यांचा रोख आहे. कुंपणांची उंची मर्यादित ठेवा व त्यांवरील टोकदार खिळे काढा, आणि वरच्या दोन श्रेणींतील मैदाने ऑगस्ट १९९४ पर्यंत सर्वांसाठी खुर्च्या असलेली करा, असे त्यांनी सुचविले. पैसा उभा राहावा म्हणून सरकारने फुटबॉल पैजांवरील कर ४२.५ वरून ४० टक्क्यांवर आणला. ३० एप्रिल १९९४ रोजी कॉपच्या पायऱ्यांवर शेवटचा सामना उभ्याने पाहिला गेला; लिव्हरपूल तो हरले.

मैदाने सुरक्षित झाली, स्वच्छ झाली, बायकामुले येऊ लागली. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु एक गोष्ट टेलर यांच्या हिशेबाबाहेर घडली. खुर्च्यांमुळे दर फार चढू नयेत अशी त्यांची अपेक्षा होती. दाखल्यादाखल त्यांनी आयब्रॉक्सचे बसण्याचे ६ पौंड व उभ्याचे ४ पौंड हे दर दिले आहेत. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि आवरायच्या जमावाचे रूपांतर भरघोस पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकात झाले. पाहुणा तो तेव्हाही झाला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करण्याचे ठरविले, तेव्हा हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता. सामना २-२ बरोबरीत सुटला. क्लबने दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा लीगभर लागू झाली.

जर्मनीने दुसरी वाट धरली. तेथे पायऱ्या काढल्या नाहीत, सुधारल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला सुमारे २५,००० माणसे आजही उभी राहतात आणि ती तिकिटे मैदानावरची सर्वांत स्वस्त असतात. अनेक ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच शहरातील बस-रेल्वेचा प्रवास होतो. इंग्लंडमध्ये मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्यास १९८५ पासून कायद्याने बंदी आहे. जर्मन प्रेक्षक बिअरचा पेला हातात घेऊन आपल्या जागी जातो. याचे मूळ क्लबच्या मालकीत आहे. काही अपवाद वगळता तेथे बहुसंख्य मताधिकार क्लबच्या सभासदांकडेच राहतो. बर्लिनच्या युनियन क्लबचे मैदान मोडकळीस आले, तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी अक्षरशः श्रमदान करून ते बांधून काढले, आणि बांधताना बहुतेक जागा उभ्याच्याच ठेवल्या! आपल्या घरात कोणती सोय हवी हे घरमालकच ठरवितो.

आपल्या फातोर्ड्याच्या मैदानाची गोष्ट मात्र वेगळ्या क्रमाने गेली. मडगावचे ते स्टेडियम १९८९ चे, म्हणजे हिल्सबरोच्याच वर्षाचे. २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने त्याचे नूतनीकरण झाले व २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तेथे झाले. येथे सुधारणा आली ती बाहेरच्या पाहुण्यांच्या निमित्ताने; प्रेक्षकाने मागितली म्हणून नव्हे. अर्थात मृत्यूंची वाट पाहिली गेली नाही, हे गोव्याचे भाग्यच. इंडोनेशियातील कांजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ रोजी पोलिसांनी गर्दीवर अश्रुधूर सोडला, लोक पुरेशा न उघडलेल्या दारांकडे धावले आणि १३५ जण मेले. हिल्सबरोला तेहतीस वर्षे झाली होती.

इंग्लंडने जर्मनीचा मार्ग शेवटी अंशतः पत्करला. लोखंडी कठडा पाठीशी असलेल्या खुर्च्या बसवून जानेवारी २०२२ पासून काही मैदानांवर प्रायोगिक तत्त्वावर आणि २०२२-२३ च्या हंगामापासून रीतसर, वरच्या श्रेणींत उभे राहण्यास परवानगी मिळाली. ॲनफील्डच्या कॉपवर अशा खुर्च्या २०२१ च्या उन्हाळ्यातच बसल्या. हिल्सबरोत मुले गमावलेल्या काही कुटुंबांचा याला विरोध होता. समर्थकांच्या संघटनेने २०१७ साली मतदान घेतले, त्यात बहुसंख्यांनी अनुकूल कौल दिला. या रचनेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला एक क्रमांकाची खुर्ची असते, आणि खुर्च्या जितक्या तितकीच तिकिटे विकली जातात.