शुक्रवारचा बाजार

शुक्रवारी मधली सुट्टी झाली की आपली टोळी कुठे पळायची, हे तुम्हाला सांगायला नको. यंदा मे महिन्यात म्हापशाला आलो तो नेमका शुक्रवार होता. पिशवी घेतली आणि बाजारात गेलो.

म्हापसा हे नावच 'माप' या शब्दावरून आले, असे जुने लोक सांगत. ते खरे-खोटे भाषापंडित ठरवोत. डिचोलीची मडकी, हरमलची मिरची, मोयऱ्याची केळी, बांबूची सुपे, सुके बांगडे, सगळे होते. पुरुमेंताची झुंबड होती. पावसाळ्याची बेगमी आजही लोक इथेच करतात, हे पाहून बरे वाटले.

आपल्या पिढीने या बाजारात इतिहास पाहिला, पण तेव्हा तो इतिहास आहे हे कळत नव्हते. 1955 मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. बेळगाव एवढे जवळ, पण बटाटे येत हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून! मग 1958-59 मध्ये सोळा तांगांचा रुपिया गेला आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो झाले. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस मार्केटची नवी इमारत उभी राहिली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि पुढे भारतीय रुपया व नवे पैसे आले. चार-पाच वर्षांत तीन चलने. बाजारात बसणाऱ्या बायकांनी ती कुठल्याही शाळेत न जाता पचवली.

त्यांतली एक माझी आई. हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, कारण मी ते कळू दिले नाही. ती तांबडी भाजी आणि मुळे घेऊन मागच्या अंगाला बसायची. तुमच्याबरोबर असलो की मी मुद्दाम मिठाईच्या दुकानांकडून वळायचो. तिला ते दिसत असणार. घरी कधी बोलली नाही.

आपले गणिताचे सर तिच्याकडूनच भाजी नेत. नवे पैसे आल्यावर एकदा त्यांनी वर्गात मला उभे केले. बारा पैशांची एक, अशा सात जुड्या घेतल्या, रुपया दिला, परत किती? मी आईसारखा जुडी-जुडी करत चौऱ्याऐंशीपर्यंत गेलो, तिथून वर शंभरापर्यंत मोजले आणि म्हणालो, "सोळा."

"बरोबर. ही रीत कुणी शिकवली?"

"पुस्तकात आहे, सर."

सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि पुढच्या मुलाकडे वळले. पुस्तकात ती रीत नव्हती.

यंदा आईच्या जागी प्लास्टिकच्या बादल्यांचे दुकान होते. दोन हातांवर एक बाई तांबडी भाजी घेऊन बसली होती. तिच्याकडून चार जुड्या घेतल्या. मोड परत करताना ती बोटांवर वर वर मोजत गेली.