वातावरणाचा दावा : लिखित, भुक्ति व साक्षी

(१) दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांत आतां वादग्रस्त राहिलेली नाहीं. वाद उरला आहे तो जबाबदारीचा. हा भार कोणत्या राष्ट्रांनीं व किती उचलावयाचा, याविषयीं संयुक्त राष्ट्रांच्या सभांतून गेलीं तीस-पस्तीस वर्षें खल चालू आहे. हा विषय आपल्या क्षेत्राबाहेरचा आहे असें या त्रैमासिकाच्या वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ हा या दाव्यांतील एक प्रमुख बचाव आहे. आणि कोणास, काय, केव्हां ठाऊक होतें हें कागदपत्रांवरूनच ठरावयाचें असल्यामुळें तो आपल्याच क्षेत्रांत येतो. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. त्याच क्रमानें हा दावा तपासून पाहूं.

(२) लिखित. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या लेखकांचा कर्बाम्ल वायु, व हवेची उष्णता यांचा संबंध जोडणारा एक फार जुना लेख यूनिस फूट या अमेरिकन विदुषीचा आहे. कांचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायु भरून तिनें तीं उन्हांत ठेवलीं. त्यांत कर्बाम्ल वायूचें नळकांडें सर्वांत अधिक तापलें व निवावयास सर्वांत अधिक वेळ लागला. अशा वायूचें प्रमाण हवेंत वाढल्यास पृथ्वी अधिक उष्ण होईल, हें अनुमान तिनें तेव्हांच काढलें. हा निबंध ऑगस्ट १८५६ मध्यें ऑल्बनी येथील विद्वत्सभेंत जोसेफ हेन्री यांनीं वाचला व त्याच वर्षीं तो छापला गेला. पुढें तो बहुतेक विस्मृतींत गेला. २०११ सालीं रेमंड सोरेन्सन या निवृत्त पेट्रोलियम-भूगर्भशास्त्रज्ञांस १८५७ च्या एका वार्षिकांत त्याचा सारांश आढळला आणि या विषयाच्या इतिहासाचें पहिलें पान बदललें. जुन्या वार्षिकांस रद्दी समजणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

फूट यांचे प्रयोग सूर्यकिरणांपुरते होते. तापलेल्या वस्तूंतून निघणारी अदृश्य उष्णता हे वायु शोषून घेतात, हें लंडन येथें जॉन टिंडल यांनीं १८५९ पासून केलेल्या प्रयोगांनीं सिद्ध केलें. हवेंतील हा वायु दुप्पट झाल्यास उष्णमान पांच ते सहा अंशांनीं वाढेल, असा हिशेब स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनीं १८९६ त मांडला. १९३८ सालीं गाय कॅलेंडर या इंग्रज इंजिनियरानें, मागील पन्नास वर्षांत मनुष्यानें इंधन जाळून सुमारें पंधरा हजार कोटी टन वायु हवेंत सोडला असून उष्णमान खरोखरच वाढत आहे, असें दाखविलें.

या कागदांवरून शास्त्रास ठाऊक होतें एवढें सिद्ध होतें. राज्यकर्त्यांस ठाऊक होतें असें सिद्ध होत नाहीं. शिवाय अऱ्हेनियस व कॅलेंडर या दोघांनींही ही ऊब हितकरच मानली होती. या कालखंडांतील कृत्यास बुद्धिपूर्वक अपराध म्हणणें अन्यायाचें होईल.

(३) राजदप्तरांतील नोंद. यापुढील कागदांचें स्वरूप मात्र निराळें आहे. ता. ८ फेब्रुवारी १९६५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं काँग्रेसला पाठविलेल्या संदेशांत, इंधन जाळल्यानें वातावरणाची घटना बदलत असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीनें सादर केलेल्या अहवालांत या विषयावर स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्याच महिन्यांत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांनीं आपल्या वार्षिक सभेंत या अहवालाचा आशय सभासदांस सांगून वेळ थोडा उरल्याचा इशारा दिला. म्हणजे राजास व व्यापाऱ्यास ही वार्ता एकाच वर्षीं पोंचली.

१९७७ सालीं एक्झॉन कंपनीच्या शास्त्रज्ञानें आपल्या व्यवस्थापक मंडळास हाच विषय समजावून दिला. १९८२ च्या अंतर्गत टिपणावर तें बाहेर वांटूं नये अशी सूचना आहे. हे कागद २०१५ त प्रसिद्ध झाले. आपण निवडक कागदांवरून चुकीचें चित्र रंगविलें जात असल्याचें कंपनीचें म्हणणें आहे, आणि न्यूयॉर्क राज्यानें भागधारकांच्या फसवणुकीचा लावलेला दावा २०१९ त न्यायालयानें फेटाळला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. परंतु तो निकाल भागधारकांपुरता होता. हवामानाविषयींच्या ज्ञानाचा प्रश्न त्यानें सोडविला नाहीं. २०२३ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत आलेल्या तपासणींत, कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९७७ ते २००३ या काळांत वर्तविलेली उष्णतावाढ बहुतांशीं खरी ठरल्याचें दिसून आलें. उलटपक्षीं, ऑक्टोबर १९९७ मध्यें बीजिंग येथील जाहीर भाषणांत कंपनीच्या प्रमुखांनीं पृथ्वी वीस वर्षांपूर्वींपेक्षां थंड असल्याचें सांगितलें. खासगी खलिता व जाहीरनामा यांत विरोध आला असतां खलित्यास अधिक वजन द्यावें, हा आपला नेहमींचा नियम येथेंही लागू पडतो.

(४) भुक्ति. औद्योगिक युगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. २०२४ सालीं वार्षिक सरासरी ४२४ वर गेली. आयपीसीसी या आंतरसरकारी मंडळाच्या हिशेबानें १८५० ते २०१९ पर्यंत मनुष्यानें सुमारें २,४०,००० कोटी टन वायु हवेंत सोडला. त्यांतील शेंकडा ४२ भाग १९९० नंतरच्या तीस वर्षांतला आहे. नुसत्या कोळसा-तेलादि इंधनांचा आरंभापासून हिशेब केल्यास अमेरिकेचा वांटा शेंकडा सुमारें २४, हिंदुस्थानचा शेंकडा साडेतीनच्या आसपास पडतो. समायिक आकाशाचा उपभोग कोणी किती घेतला, याचा हा ताळेबंद होय.

आतां प्रश्न असा कीं दीर्घ उपभोगानें हक्क उत्पन्न होतो काय? ता. २५ जुलै १९९७ रोजीं अमेरिकेच्या सिनेटनें ९५ विरुद्ध ० मतांनीं असा ठराव केला कीं, विकसनशील राष्ट्रांवरही त्याच मुदतींत बंधन नसेल तर असल्या करारावर सही करूं नये. यांत पूर्वीं घेतलेल्या उपभोगाचा हिशेबच सोडून दिला आहे. याज्ञवल्क्याच्या मतें मालकाच्या डोळ्यांदेखत, त्यानें हरकत न घेतां, वीस वर्षें भोगलेली भूमि मालकाच्या हातची जाते. पण लगेच पुढील श्लोकांत त्यानें अपवाद सांगितले आहेत, त्यांत अज्ञान बालकाचें धन येतें. जो हरकत घेऊंच शकत नाहीं त्याचें धन भोगानें बुडत नाहीं. आज जन्मासही न आलेल्या पिढ्यांच्या आकाशास हा अपवाद लागूं नये, असें आम्हांस कोठेंच कारण दिसत नाहीं.

(५) साक्षी. मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ पासून सुरू केलेली मोजणी ही पहिली साक्ष. अंटार्क्टिकाच्या बर्फांत कोंडलेली आठ लक्ष वर्षांची हवा ही दुसरी; त्या सर्व काळांत हें प्रमाण आजच्या जवळपासही गेलेलें नव्हतें. तिसरी साक्ष जेम्स हॅन्सन यांनीं ता. २३ जून १९८८ रोजीं सिनेटच्या समितीपुढें दिली. साक्षीच्या लेखांत प्रक्षेपही झाले आहेत. पूर्वीं पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या सेवेंत असलेल्या एका अधिकाऱ्यानें अमेरिकेच्या अध्यक्षीय कचेरींत बसून सरकारी शास्त्रीय अहवालांच्या मसुद्यांत संशयाचीं पदें घुसडल्याचें २००५ सालीं उघडकीस आलें. मूळ मसुदे शिल्लक होते म्हणूनच हा प्रक्षेप ओळखतां आला.

(६) निर्णय. आमच्या मतें या दाव्यांत ऋण व दोष हे दोन पदार्थ वेगळे केले पाहिजेत. धर्मशास्त्राप्रमाणें पित्याचें ऋण पुत्रपौत्रांनीं फेडावयाचें असतें; त्यांत त्यांचा अपराध नसतो, पण देणें चुकत नाहीं. १९६५ पूर्वींचा धूर हें असें ऋण आहे. त्यानंतर जाणून सोडलेला धूर हा दोष आहे, आणि बुद्धिपूर्वक दोषास अबुद्धिपूर्वक दोषापेक्षां अधिक प्रायश्चित्त असें निबंधकार सांगतात. १९९२ च्या हवामान-करारानंतर तर अज्ञानाचा बचाव कोणत्याच सरकारास उरला नाहीं; समान पण भिन्न जबाबदारीचें तत्त्व त्यांतच लिहिलेलें आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेंही ता. २३ जुलै २०२५ च्या आपल्या सल्लारूप अभिप्रायांत राष्ट्रांवर या बाबतींत कायदेशीर कर्तव्यें असल्याचें म्हटलें आहे.

हाच न्याय आपणांसही लावला पाहिजे. त्या करारावर हिंदुस्थानची सही १९९२ चीच आहे. २०२४-२५ या वर्षीं आपल्या देशांत १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला, आणि दरसालच्या उत्सर्जनांत आपला क्रम तिसरा लागतो. आपलें ऋण थोडें आहे, दरडोई भोगही थोडा आहे, आणि दारिद्र्य हें कारणही खरें आहे. परंतु ज्ञानाची तिथि सर्वांस सारखीच आहे. दुसऱ्याच्या ऋणाकडे बोट दाखवून आपला दोष पुसला जात नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. गिरण्यांच्या व आगगाड्यांच्या कोळशाच्या वह्या, पर्जन्यमानाचे तक्ते, दुष्काळाचे कैफियती-कागद हे बखरी-सनदांपुढें क्षुद्र वाटतात व सहज रद्दींत जातात. या दाव्याचा अंतिम निकाल लिहिणारा उद्यां हेच कागद मागेल. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं ते जपून ठेवावे व त्यांची यादी प्रसिद्ध करावी.