निवत्या आगीतली अणुकेंद्रे

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. 17 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिका व युरोपातील अशाच वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली, आणि अशा टकरींत जड अणुकेंद्रे घडतात याचा पुरावा दुर्बिणींना मिळाला. टकरीतून हलकी अणुकेंद्रे कशी घडतात, हा त्याच्या शेजारचा प्रश्न. तो आकाशात नव्हे, प्रयोगशाळेत सुटला. आणि त्याला साठ वर्षे लागली.

1955मध्ये बर्कलीला प्रतिप्रोटॉन सापडला. 1965मध्ये सर्न आणि ब्रुकहेवन येथे प्रतिड्यूटेरॉन, म्हणजे प्रतिप्रोटॉन व प्रतिन्यूट्रॉन यांची जोडी, हाती आली. 1970मध्ये रशियातील सेरपुखोव्हला प्रतिहेलियम-3 दिसले. 2011मध्ये ब्रुकहेवनच्या 'स्टार' प्रयोगाने सोन्याच्या अणुकेंद्रांच्या सुमारे 100 कोटी टकरी चाळून प्रतिहेलियम-4ची अवघी 18 अणुकेंद्रे वेचली. या प्रयोगात पवईच्या आयआयटीचाही सहभाग होता.

कोडे वेगळेच होते. ड्यूटेरॉनचा बंध जेमतेम 22 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. टकरीतले तापमान सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट. तिथल्या कणांची ऊर्जा या बंधाच्या कितीतरी पट. लोहाराच्या भट्टीत दवबिंदू शाबूत सापडावा, तसे हे. एक मत असे की, इतर कणांबरोबरच ही अणुकेंद्रे थेट आगीतून बाहेर पडतात. दुसरे मत असे की, प्रोटॉन-न्यूट्रॉन बाहेर पडल्यावर, जवळून जाताना एकमेकांना चिकटतात.

डिसेंबर 2025मध्ये सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगाने निवाडा दिला. याही प्रयोगात पवईची आयआयटी आहे. टकरीत 'डेल्टा'सारखे अत्यंत अल्पायुषी कण जन्मतात आणि फुटून पायॉन व प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन देतात. असा कण पुढे ड्यूटेरॉनमध्ये जोडला गेला, तर बरोबर सुटलेल्या पायॉनच्या गतीत त्या जन्माची खूण उरते. ती खूण मोजली तेव्हा दिसले की, सुमारे 90 टक्के ड्यूटेरॉन आणि प्रतिड्यूटेरॉन अशा फुटींनंतर जुळलेले आहेत. म्हणजे दवबिंदू भट्टीत टिकलाच नव्हता. आग निवू लागल्यावर तो तयार झाला होता.

याची गरज केवळ जिज्ञासेपुरती नाही. 2011पासून अंतराळस्थानकावरील 'एएमएस' हे उपकरण विश्वकिरणांत प्रतिअणुकेंद्रे शोधते आहे. ती सापडली, तर कृष्णद्रव्याची चाहूल ठरू शकतील. पण विश्वकिरण आंतरतारकीय वायूवर आदळूनही तशी काही घडतातच. ती किती, याचा हिशेब चुकला तर साध्या टकरीला आपण कृष्णद्रव्य समजून बसू. तो हिशेब आता अधिक भरवशाने मांडता येईल.